सेलम वेडे झाले नव्हते: ‘द क्रूसिबल’ नाटकातला उन्माद आणि त्यामागचे हिशेब

चौकशीच्या फेऱ्यात सापडलेला पुढारी, मग तो वॉशिंग्टनचा असो की आपल्याकडचा, ‘माझ्याविरुद्ध विच हंट (चेटकिणींची शिकार) चालू आहे’ असे म्हणून मोकळा होतो. या शब्दांमागची सर्वांत परिचित घटना अमेरिकेतल्या सेलम या वस्तीत १६९२ साली घडली, आणि आज ती बहुतेकांना इतिहासाच्या पुस्तकांपेक्षा आर्थर मिलर यांच्या ‘द क्रूसिबल’ या नाटकामुळे अधिक माहीत आहे. २२ जानेवारी १९५३ रोजी ब्रॉडवेवर आलेल्या या चार अंकी नाटकाचे प्रयोग आजही जगभर होतात, आणि ते पाहणारा किंवा वाचणारा जवळपास प्रत्येक जण एकाच ठिकाणी अडखळतो. चार पोरी किंचाळतात आणि देवभीरू, कायदा मानणारे, एकमेकांना वर्षानुवर्षे ओळखणारे गाव त्यांच्या शब्दावर शेजाऱ्यांना फासावर चढवते, हे पटायचे कसे?

या प्रश्नाला ‘सामूहिक उन्माद’ असे ठरलेले उत्तर दिले जाते. ते खोटे नाही, पण अर्धवट आहे. उन्माद म्हटले की सगळेच भ्रमिष्ट ठरतात आणि जबाबदार असा कुणीच उरत नाही. मिलर यांच्या नाटकात मात्र भ्रमिष्ट पात्र शोधूनही सापडत नाही. जो तो आपला नफा-तोटा, आपली अब्रू आणि आपले दुःख पाहून वागतो, आणि नाटकाची खरी भीती तिथेच आहे.

आधी घटना, थोडक्यात

मॅसॅच्युसेट्स ही तेव्हा इंग्रजांची वसाहत होती आणि तिथे प्युरिटन पंथाच्या लोकांचा शब्द चाले. नाचगाणे पाप मानले जाई, आणि चेटूक हा देहदंडाचा गुन्हा होता. १६९२ च्या हिवाळ्यात सॅम्युएल पॅरिस या धर्मोपदेशकाच्या घरात त्याची नऊ वर्षांची मुलगी बेटी आणि अकरा वर्षांची नातेवाईक ॲबिगेल विल्यम्स यांना विचित्र झटके येऊ लागले. औषधाने गुण येईना, तेव्हा चेटकाचा संशय घेतला गेला आणि पहिल्या तीन संशयित बायका ठरल्या: पॅरिसच्या घरातली गुलाम टिटुबा, दारोदार मागून खाणारी सारा गुड आणि आजारी, चर्चला न येणारी सारा ऑसबर्न. पुढच्या काही महिन्यांत दीडशेहून अधिक लोक तुरुंगात गेले, १९ जणांना फाशी झाली, आरोपाला उत्तर देण्यास नकार देणारा वृद्ध शेतकरी जाइल्स कोरी छातीवर दगड रचून मारला गेला, आणि किमान पाच जण कोठडीतच मेले. ‘चेटकिणींना जाळले’ असे अनेकदा लिहिले जाते, पण सेलममध्ये कुणालाही जाळलेले नाही.

उन्माद म्हणजे नेमके काय

एखाद्या बंदिस्त, ताणाखाली असलेल्या गटात शरीराची लक्षणे एकाकडून दुसऱ्याकडे पसरतात, आणि तपासणीत कोणताही जंतू किंवा विष सापडत नाही, याला सामूहिक उन्माद म्हणतात. ही लक्षणे बहुधा सोंग नसतात. मूर्च्छा खरी असते, थरथर खरी असते. १९६२ साली टांगानिकातल्या (आजच्या टांझानियातल्या) काशाशा गावी मुलींच्या निवासी शाळेत असेच अनावर हसणे पसरले होते आणि शेवटी शाळा बंद ठेवावी लागली.

हे उदाहरण मुद्दाम घेतले आहे. काशाशात लक्षणे पसरली, घबराटही पसरली, पण कुणाला फाशी झाली नाही. म्हणजे मुलींना झटके येणे आणि रिबेका नर्स या ७१ वर्षांच्या, गावाने मान दिलेल्या बाईला फाशी होणे, या दोन गोष्टींच्या मध्ये आणखी काहीतरी असले पाहिजे. मिलर यांनी पहिल्या अंकापासून बोट ठेवले आहे ते या मधल्या गोष्टीवर.

कबुली द्या, नाव सांगा, जीव वाचवा

पहिल्या अंकाच्या शेवटाकडचा टिटुबाचा प्रसंग सावकाश वाचावा, कारण पुढचे सारे नाटक त्या चार-पाच मिनिटांत घडून जाते. रात्री जंगलात मुली नाचताना पॅरिसने पाहिलेले असते. पकडल्या गेल्यावर ॲबिगेल सारा दोष टिटुबावर ढकलते. टिटुबा आधी नाकारते. पॅरिस चाबकाने मारून टाकण्याची धमकी देतो, पुटनम हा जमीनदार तिला फाशी द्या म्हणतो, आणि त्याच वेळी रेव्हरंड हेल हा चेटूकविद्येचा अभ्यासक मृदू आवाजात सांगतो की कबूल केलेस तर देव तुला जवळ करील. समोर एकीकडे चाबूक आणि दुसरीकडे क्षमा. टिटुबा कबूल करते. मग विचारले जाते की सैतानाबरोबर आणखी कोण होते. तिला नावे सुचत नाहीत, तेव्हा पुटनमच विचारतो, सारा गुड होती का, ऑसबर्न होती का? थोड्या वेळाने टिटुबाच्या तोंडून नेमकी हीच नावे बाहेर पडतात, आणि ऐकणाऱ्यांना तो पुरावा वाटतो.

याच प्रसंगात आणखी एक बारीक जागा आहे. टिटुबा सांगते की सैतान तिला पॅरिसला ठार मारायला सांगत होता, पॅरिस दुष्ट आहे असे म्हणत होता. गुलाम बाईला मालकाच्या तोंडावर हे बोलण्याची दुसरी कोणतीही वाट नव्हती. सैतानाच्या नावाने ती मनातले बोलते, आणि शिक्षा होण्याऐवजी तिचे बोलणे लक्ष देऊन ऐकले जाते. बाजूला उभी असलेली ॲबिगेल हे सगळे पाहते. क्षणभरात तीही कबुली देत पुढे येते, टिटुबाने घेतलेली नावे उच्चारते आणि त्यांत भर घालते.

आपल्याकडच्या साखळी योजना ज्यांनी जवळून पाहिल्या आहेत, त्यांना ही रचना चटकन ओळखू येईल. अशा योजनेत स्वतःचे पैसे सोडवायचे तर आणखी दोघांना आत आणावे लागते. त्या दोघांनाही तेच करावे लागते. आणि योजना खोटी आहे हे उमगले तरी आत असलेला माणूस तसे बोलत नाही, कारण बोलला की त्याचेच पैसे बुडतात. सेलमच्या न्यायालयाचा व्यवहार असाच होता. गुन्हा कबूल करून इतरांची नावे सांगणाऱ्याची फाशी टळे, आणि ‘मी निर्दोष आहे’ असे म्हणणारा दोरापाशी जाई. ही नाटककाराची अतिशयोक्ती नाही. १६९२ मध्ये फाशी गेलेले सगळे आरोप नाकारणारे होते. कबुलीवर टिकून राहिलेल्यांपैकी एकालाही फाशी झाली नाही.

प्रत्येकाचा हिशेब वेगळा

नाटकाच्या तालमीत नट विचारतो, ‘माझ्या पात्राचे मोटिव्हेशन काय?’ म्हणजे हे पात्र आत्ता, या वाक्याला, नेमके काय मिळवू पाहते आहे. ‘द क्रूसिबल’मध्ये कोणतेही पात्र घेतले तरी या प्रश्नाचे ठोस उत्तर मिळते.

पॅरिसला नोकरीची चिंता आहे. मुलगी अंथरुणात निपचित पडलेली असतानाही गावातले आपले विरोधक याचा काय उपयोग करतील हे त्याच्या मनात आधी येते. पगार, सरपण आणि घराची मालकी यांवरून त्याचे गावाशी आधीच वाजलेले असते. पुटनमला जमीन हवी आहे. चेटकाच्या गुन्ह्यात माणूस दोषी ठरला की त्याची मालमत्ता जप्त होते आणि ती विकत घेण्याची ऐपत एकट्या पुटनमपाशी आहे, असा उघड आरोप कोरी तिसऱ्या अंकात करतो. प्रत्यक्ष इतिहासातही अनेक तक्रारींवर थॉमस पुटनमचे नाव आढळते.

त्याची बायको ॲन हिचा हिशेब मात्र पैशाचा नाही, आणि मला ती या नाटकातली सर्वांत दुर्लक्षित व्यक्तिरेखा वाटते. तिची सात बाळे जन्मल्याबरोबर दगावली आहेत. शेजारी रिबेका नर्सला अकरा मुले आणि सव्वीस नातवंडे आहेत, आणि त्यांतले एकही दगावलेले नाही. देव न्यायी आहे अशी श्रद्धा असलेल्या बाईने या फरकाचे काय करावे? एक तर देव अन्यायी मानावा, नाही तर स्वतःला पापी मानावे, आणि दोन्ही सोसवत नसेल तर कुणीतरी आपली बाळे मारली असे मानावे. चेटकाचा आरोप तिच्या दुःखाला कारण देतो. असा माणूस खोटे बोलत नसतो, आणि म्हणूनच त्याला थांबवणे अवघड असते.

ॲबिगेलला जॉन प्रॉक्टर हवा आहे. ती त्याच्या घरी कामाला होती, दोघांचे संबंध आले, आणि प्रॉक्टरची बायको एलिझाबेथ हिने तिला काढून टाकले. एलिझाबेथ फासावर गेली तर जागा रिकामी होईल, हा तिचा हिशेब आहे. पण त्याआधीचा हिशेब साधाच आहे: जंगलात नाचल्याबद्दल फटके खायचे नाहीत. शिवाय ती पोरकी आहे. मूळच्या रहिवाशांच्या हल्ल्यात आईवडिलांना तिने डोळ्यांसमोर मरताना पाहिले आहे. सरहद्दीवरची ही युद्धे खरीच चालू होती आणि त्यांतून जीव वाचवून आलेली माणसे सेलमच्या आसपास राहत होती, तेव्हा हल्ला कुठूनही होऊ शकतो ही भावना गावाला नवी नव्हती.

न्यायाधीश डॅनफर्थकडे पाहिले की मिलर यांचे कसब कळते. तो लाचखाऊ नाही आणि मूर्खही नाही. चेटूक हा अदृश्य गुन्हा आहे, साक्षीदार दोनच, चेटकीण आणि तिचा बळी. चेटकीण स्वतःविरुद्ध बोलणार नाही, म्हणून बळीवरच विसंबले पाहिजे, असा त्याचा युक्तिवाद आहे. चेटूक असते हे एकदा मान्य केले की यात खोट काढता येत नाही. पण हळूहळू त्याचा हेतू बदलत जातो. नाटकात बहात्तर जणांच्या फाशीवर त्याची सही झालेली आहे. आता मुली खोट्या ठरल्या तर तो स्वतः कोण ठरेल? चौथ्या अंकात तो फाशी पुढे ढकलण्यासही नकार देतो, कारण बारा जण आधीच गेले आहेत आणि आता थांबणे म्हणजे त्या बारांबद्दल शंका कबूल करणे. चूक जितकी मोठी होत जाते, तितके तिच्यावर ठाम राहणे त्याला भाग पडते.

‘पण मुली सरळसरळ खोटे बोलत होत्या ना?’

हा पहिला आक्षेप, आणि त्याचे उत्तर मेरी वॉरनपाशी आहे. प्रॉक्टरच्या घरची ही भित्री मोलकरीण तिसऱ्या अंकात न्यायालयात सांगते की आम्ही सोंग करत होतो. न्यायाधीश म्हणतात, मग आत्ता मूर्च्छित होऊन दाखव. तिला जमत नाही. ती सांगू लागते की इतर मुली ओरडत होत्या, न्यायाधीश महाराजांनाही ते खरे वाटत होते असे दिसत होते, सुरुवातीला गंमत होती, पण मग सगळे जगच भुते-भुते म्हणू लागले आणि आपल्यालाही ती दिसल्यासारखी वाटली. खोटे आणि खरे यांच्या मधली ही जागा आहे. मुली न्यायाधीशांच्या चेहऱ्याकडे पाहून घाबरतात, न्यायाधीश मुलींची भीती पाहून खात्री करून घेतात.

मग ॲबिगेलला वर तुळईवर एक पक्षी दिसू लागतो. मेरी जे बोलेल ते सगळ्या मुली एका सुरात परत म्हणतात. ती ‘थांबा’ म्हणते, त्याही ‘थांबा’ म्हणतात. थोड्याच वेळात मेरी मोडते, प्रॉक्टरकडे बोट दाखवून तो सैतानाचा माणूस आहे असे ओरडते आणि ॲबिगेलच्या मिठीत शिरते. तिचा हेतू काही क्षणांत खरे बोलण्यावरून जिवंत राहण्यावर येतो. खऱ्या मेरी वॉरननेही साक्ष फिरवली होती, तिच्यावरच आरोप आला आणि ती पुन्हा आरोप करणाऱ्यांत सामील झाली. आरोप करणाऱ्यांतली, खऱ्या थॉमस पुटनमची मुलगी धाकटी ॲन हिने १७०६ मध्ये चर्चमध्ये सर्वांसमक्ष माफी मागितली, तेव्हाही तिचे म्हणणे असे होते की आपण राग किंवा आकस मनात धरून काही केले नाही, सैतानाने आपल्याला फसवले.

‘विषबाधा झाली असेल’

१९७६ मध्ये असा तर्क मांडला गेला की राय या धान्यावर वाढणाऱ्या अरगट बुरशीमुळे मुलींना भास झाले असतील. आपल्या शेतकऱ्यांना बाजरीवरचा अरगट माहीत असतो, म्हणून हा तर्क ऐकायला पटकन पटतो. पण त्याच वर्षी त्याला सविस्तर उत्तरही दिले गेले. आरोपी समोर आल्यावर सुरू होणारे आणि तिने स्पर्श करताच थांबणारे झटके बुरशी घडवून आणत नाही. आणि बुरशी फार तर झटके देईल, वॉरंटवर सही करणार नाही.

‘ते लोक अडाणी होते’

प्रत्यक्षातला मुख्य न्यायाधीश विल्यम स्टॉटन हार्वर्डमध्ये शिकलेला होता. नाटकातला हेल जाडजूड ग्रंथ घेऊन गावात येतो आणि अंधश्रद्धेचे इथे काम नाही, सैतान अगदी नेमका असतो, असे बजावतो. शिक्षणाने या माणसांची श्रद्धा कमी झाली नाही, तिला पद्धतशीरपणा आला. त्यांचा सर्वांत मोठा दोष पुराव्याच्या नियमात होता. आरोपीचे शरीर स्वतःच्या घरी झोपलेले असले तरी तिची छाया येऊन आपल्याला चिमटे काढते, ही साक्ष ग्राह्य धरली गेली. याला छायापुरावा म्हणू. आरोपीने ‘मी त्या रात्री घरी होते’ असे सिद्ध केले तरी उपयोग नाही, कारण छायेला अंतर नसते. ज्याला खोडता येत नाही असा पुरावा मान्य झाला की आरोप आणि दोष यांत फरक उरत नाही.

सातपुड्याच्या पट्ट्यात ‘डाकीण’ ठरवलेल्या बायकांच्या छळाच्या तक्रारी आपल्या काळातल्या आहेत, तेव्हा तीनशे वर्षांपूर्वीच्या लोकांना हसण्याचा अधिकार आपल्याला नाही. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याची दिशा मात्र पाहण्यासारखी आहे. अमुक व्यक्ती करणी करते, तिच्यामुळे रोगराई येते असे जाहीर करणे हाच इथे गुन्हा आहे. सेलमच्या कायद्याने जिच्यावर आरोप झाला तिला धरले, या कायद्याने आरोप करणाऱ्याला धरले.

‘मिलर यांनी इतिहास बदलला’

बदलला, आणि बराच. अकरा वर्षांच्या ॲबिगेलचे वय त्यांनी सतरा केले, साठीच्या घरातला प्रॉक्टर तिशीतला केला, आणि दोघांत प्रेमप्रकरण आणले, ज्याला कागदोपत्री आधार नाही. नाट्य उभे करण्यासाठी ते उपयोगी पडले असले तरी किंमत मोजावी लागली आहे. एका मुलीचा मत्सर पुढे आला की न्यायालयाचा दोष मागे पडतो, आणि घरमालक व मोलकरीण यांच्या संबंधांत सत्ता कुणाकडे होती हा प्रश्न नाटक फारसा विचारत नाही. मला नाटकाची ही बाजू कमकुवत वाटते.

दुसरा आक्षेप नाटक आले तेव्हाच घेतला गेला. त्या काळात अमेरिकन संसदेची एक समिती कलावंतांना बोलावून विचारत होती की तुम्ही कम्युनिस्ट होता का, आणि तुमच्याबरोबर कोण होते. मिलर यांचे दिग्दर्शक मित्र एलिया कझान यांनी १९५२ मध्ये समितीपुढे नावे सांगितली. मिलर त्याच वर्षी सेलमला जाऊन जुनी कागदपत्रे वाचत होते. आक्षेप असा की चेटकिणी नव्हत्याच, कम्युनिस्ट मात्र खरेच होते, मग तुलना कशी करता? मिलर यांचे उत्तर होते की १६९२ मध्ये चेटकिणी नसतात असे म्हणण्याची कुणाची छाती नव्हती. मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते असे, की समितीला पुष्कळदा नावे आधीच माहीत असत. माहिती हा हेतूच नव्हता. माणसाने सर्वांसमक्ष मित्राचे नाव घ्यावे आणि वाकावे, हा हेतू होता.

प्रॉक्टर कबुलीजबाब का फाडतो

यामुळेच चौथा अंक कळतो. प्रॉक्टर जगण्यासाठी खोटी कबुली द्यायला तयार होतो, आणि नाटककार त्याला त्याबद्दल हिणवत नाही. पण डॅनफर्थ विचारतो, रिबेका नर्सला सैतानाबरोबर पाहिलेस का? प्रॉक्टर स्वतःचे पाप सांगायला राजी आहे, दुसऱ्याचे नाव घ्यायला नाही. मग सही केलेला कागद चर्चच्या दारावर लावला जाणार हे कळल्यावर तो कागद फाडतो, कारण त्या कागदावर आपले नाव इतरांविरुद्ध वापरले जाणार हे त्याला दिसते. साखळी तिथे, एका माणसापुरती, तुटते. १९५६ मध्ये मिलर स्वतः त्या समितीपुढे उभे राहिले, स्वतःबद्दल बोलले आणि दुसऱ्याचे नाव घेण्यास नकार दिला. त्यांना संसदेच्या अवमानाबद्दल दोषी ठरवले गेले आणि १९५८ मध्ये अपिलात तो निकाल रद्द झाला.

मग हे थांबले कसे

नाटक प्रॉक्टरच्या फाशीपाशी संपते, म्हणून हा भाग रंगमंचावर दिसत नाही. १६९२ च्या शरद ऋतूपर्यंत आरोप वजनदार घरांपर्यंत पोहोचले होते. खुद्द राज्यपाल विल्यम फिप्स यांच्या पत्नीचेही नाव घेतले गेल्याचे सांगितले जाते. ऑक्टोबरमध्ये इन्क्रीज मॅदर या मातब्बर धर्मोपदेशकाने लिहिले की सैतान निर्दोष माणसाचेही रूप घेऊ शकतो, तेव्हा छायापुराव्यावर कुणाला मारू नये. चेटूक नसते असे त्यानेही म्हटले नव्हते. त्याच महिन्यात फिप्स यांनी ते खास न्यायालय बरखास्त केले. जानेवारी १६९३ पासून नवे न्यायालय बसले, छायापुरावा बाद झाला आणि उरलेले जवळपास सगळे खटले कोसळले. जे मोजके दोषी ठरले त्यांची फाशीही राज्यपालांनी थांबवली. गावाची श्रद्धा होती तशीच राहिली, मुलीही त्याच होत्या, बदलला तो फक्त पुराव्याचा नियम.

निर्दोष सुटलेल्यांनाही लगेच घरी जाता आले नाही, कारण कोठडीतल्या जेवणखाणाचा खर्च कैद्यानेच भरायचा असे. १७११ मध्ये वसाहतीने अनेकांची शिक्षा रद्द करून वारसांना भरपाई दिली. पहिली कबुली देणाऱ्या टिटुबाचा खर्च भरायला पॅरिसने नकार दिला, आणि दुसऱ्या कुणीतरी ती रक्कम भरून तिला विकत घेईपर्यंत ती तुरुंगातच होती.